बायकोला स्वतःचा नवराच हवा असतो तेव्हा... (जुने सिनेमे, लग्न आणि दाबून ठेवलेली इच्छा)

सांजसावली

लग्न आणि दबलेली इच्छा म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात लगेच तिसरा माणूस येतो. जुन्या सिनेमांवरची कुठलीही चर्चा वाचा, गाडी तिथेच जाऊन अडते, तिचं त्याच्यावर प्रेम होतं का, होतं तर कुठपर्यंत गेलं, आणि शेवटी ती घरी परत आली का. मला हे सिनेमे परत परत बघताना वेगळंच काहीतरी जाणवत राहिलंय म्हणून हा धागा. ह्या सिनेमांमधली सगळ्यात जास्त दाबलेली इच्छा परक्या पुरुषाबद्दलची नसतेच बऱ्याचदा, ती बायकोला स्वतःच्या नवऱ्याबद्दल वाटणारी इच्छा असते. आणि तीच घराला सगळ्यात जास्त खुपते.

साहिब बीबी और गुलाम (१९६२) घ्या. मीनाकुमारीच्या छोट्या बहूला काय हवंय? दागिने ढिगाने आहेत, नोकरचाकर आहेत, हवेली आहे. तिला नवरा रात्री घरी हवाय, बस एवढंच. आणि ह्या एवढ्याशा मागणीपायी ती काय काय करते बघा, मोहिनी सिंदूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या भूतनाथला चोरून बोलावून घेते की हा सिंदूर लावला तर तरी नवरा परत येईल, तो उपाय काही चालत नाही, मग नवरा म्हणतो की तिकडच्या बायका गातात, पितात, सोबत करतात, तुला जमणारे का ते? आणि ती पिते. ज्या घरात नवरे बाहेर रात्री काढतात हे रीतीचं आहे त्या घरात बायकोने नवऱ्याला कुशीत मागणं हे बेरीत ठरतं. दागिने मोडा, नवे घडवा आणि झोपा, ह्या घरच्या सुना तेच करतात, असं नवराच तिला ऐकवतो.

भूतनाथ पहिल्यांदा तिच्या खोलीत येतो तो सीन आठवतोय ना? तो मान खाली घालून येतो त्यामुळे आपल्यालाही आधी गालिचा दिसतो, मग तिचे पाय, आणि मग कितीतरी वेळाने चेहरा. एवढा सुंदर चेहरा ज्याने बघायला हवा तो बघत नाही आणि सिंदूर घेऊन आलेला गडी बघतो. व्ही. के. मूर्तींच्या कॅमेऱ्याने इथे सगळी गोष्ट सांगून टाकलीये असं मला वाटतं.

आणि आता चारुलता (१९६४). सत्यजित राय यांनी टागोरांच्या नष्टनीड वरून केलेला. ह्यावर लोक अमल आणि चारूबद्दल बोलतात, वहिनी आणि धाकटा दीर, झोपाळा, कविता वगैरे. मला सुरुवातीबद्दल बोलायचंय. माधवी मुखर्जी मोठ्या घरात एकटी ह्या खोलीतून त्या खोलीत फिरतेय, खिडकीच्या झडपा उघडून छोट्या दुर्बिणीतून रस्त्यावरची माणसं बघतेय, जवळजवळ संवादच नाहीत. मग नवरा, भूपती, हातात पुस्तक घेऊन तिच्या अगदी शेजारून जातो आणि त्याला ती दिसतही नाही. तेव्हा ती दुर्बीण डोळ्याला लावते आणि त्याच्याकडे बघते. लांबची माणसं बघायची दुर्बीण, आणि बघते कुणाला तर हाताच्या अंतरावरून गेलेल्या नवऱ्याला. अमल अजून पिक्चरमध्ये आलेलाच नाहीये!! म्हणजे भूक आधीपासून आहे आणि ती कुणासाठी आहे हे राय यांनी पहिल्याच काही मिनिटांत दाखवून ठेवलंय.

तुम्हाला काय वाटतं? अजून कुठले सिनेमे ह्यात बसतात, किंवा बसत नाहीत, लिहा.


जुनारेडिओ

सुंदर लिहिलंयस सांजसावली. मला ह्यात आवाजाबद्दल भर घालायची आहे.

छोट्या बहूची गाणी गीता दत्तची आहेत. आणि बासू भट्टाचार्यांच्या अनुभव (१९७१) मध्ये तनुजाची गाणी पण गीता दत्तची, संगीत कनू रॉय. मधे जवळजवळ दहा वर्षं गेलीत, जमीनदाराची हवेली जाऊन मुंबईतला फ्लॅट आलाय, पण बाईचं मागणं तेच आहे, नवऱ्याने जवळ यावं. फरक इतकाच की हवेलीतली बाई आर्जव करते, हात धरते, जाऊ नको म्हणते, आणि फ्लॅटमधली बाई हळू आवाजात कानाशी बोलते कारण नवरा आहे शेजारीच, फक्त त्याचं लक्ष आणायचंय. गीता दत्त जुलै १९७२ मध्ये गेली, म्हणजे अनुभवची गाणी तिच्या अगदी शेवटच्या काळातली. तो आवाज थोडा थकलेला आहे आणि म्हणूनच इतका खरा वाटतो. दुसऱ्या कुणाला ही गाणी दिली असती तर ती गोड झाली असती, अशी झाली नसती.

अनुभवमधली मीता काय करते तर घरातले नोकर कमी करते. घरात सतत माणसं, पार्ट्या, फोन, आणि नवराबायको म्हणून दोघं कधी एकटे नाहीतच. नोकर काढून ती स्वतः चहा करायला लागते, घर आवरायला लागते, हे वरवर बघितलं तर आदर्श गृहिणी वगैरे वाटतं, पण मला ते अतिशय शारीरिक पाऊल वाटतं, तिला त्या घरात त्याच्याबरोबर एकांत हवाय. थेट म्हणता येत नाही म्हणून ती आधी घर रिकामं करते.

आणि एक गंमत लक्षात आली का? अनुभवमधला संजीवकुमार वर्तमानपत्राचा संपादक आहे आणि चारुलतातला भूपती पण स्वतःचं वर्तमानपत्र चालवतो. अख्ख्या जगाची खबर ठेवणारे दोन नवरे.


फिरस्ता

मांडणी आवडली पण मी सहमत नाहीये, आणि का ते सविस्तर सांगतो.

ब्रीफ एन्काउंटर (१९४५, डेव्हिड लीन) तुझ्या म्हणण्यात कसा बसवणार? त्यातल्या लॉराचा नवरा फ्रेड काही छोट्या बहूच्या नवऱ्यासारखा छोटे बाबू नाही. तो चांगला माणूस आहे, रात्री घरी असतो, शब्दकोडं सोडवतो, तिला अडलेला शब्द विचारतो, मुलांची काळजी आहे, प्रेमळ आहे. तिला काहीही कमी नाही. आणि तरी स्टेशनवर डोळ्यात कचरा जातो, ॲलेक नावाचा एक डॉक्टर तो काढून देतो, आणि काही आठवड्यांत ती त्याच्यासाठी वेडी होते. इथे नवऱ्याबद्दलची इच्छा कुठेय? मला तर वाटतं हा सिनेमा इतका टिकला तो ह्याच्यामुळेच, की सुखी लग्नातल्या बाईलाही हे होऊ शकतं, नवरा वाईट असायची गरज नाही. दरवेळी नवऱ्याच्या दुर्लक्षात कारण शोधलं की आपण नकळत असं म्हणतो की बाईची इच्छा म्हणजे कुठल्यातरी उणिवेचा परिणाम. ती आपली आपण असू शकत नाही का?

शेवटची भेट बघ. दोघांना निरोपाची शेवटची काही मिनिटं मिळालीयेत आणि ती बडबडी ओळखीची बाई टेबलावर येऊन बसते, त्यामुळे ॲलेक काही बोलू शकत नाही, फक्त उठताना लॉराच्या खांद्यावर हात ठेवतो आणि जातो. सिनेमाच्या सुरुवातीलाच आपण हे बघतो पण तेव्हा कळत नाही, शेवटी परत दाखवतात तेव्हा त्या हाताचं वजन कळतं. हे सगळं तिसऱ्या माणसाबद्दलच आहे. ॲलेक काढून टाकला तर सिनेमाच उरत नाही.


चाफेकळी

फिरस्ता, उणिवेबद्दलचा तुझा मुद्दा मला पटला, पण मी वेगळ्या बाजूने येते.

धाग्यात कुंकू (१९३७) आलाच पाहिजे. प्रभातचा, शांतारामबापूंचा, ना. ह. आपट्यांच्या न पटणारी गोष्ट वरून घेतलेला. नीरा म्हणजे शांता आपटे, फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावून दिलेली. आणि ती त्याला हात लावू देत नाही. १९३७ साली! लग्न झालं म्हणजे बाईचं शरीर आपोआप नवऱ्याचं झालं हे सगळं घर धरून चालतंय, काकी धरून चालतेय, शेजारपाजार धरून चालतोय, आणि ही मुलगी शांतपणे नाही म्हणते. सांजसावली इच्छेबद्दल बोलतेय, पण नकार हे पण इच्छेचंच दुसरं रूप आहे ना? जिला नाही म्हणता येतं तिलाच हो म्हणता येतं. छोट्या बहूकडे हो आहे पण तिचा हो घ्यायला कुणी नाही, नीराकडे नाही आहे आणि तो ऐकायला कुणी तयार नाही.

आणि मला त्या नवऱ्याबद्दल, काकासाहेबांबद्दल पण बोलायचंय, केशवराव दाते काय जबरदस्त आहेत त्यात. आरशासमोर उभं राहून स्वतःचं वय लपवायचा प्रयत्न करणारा तो माणूस, बाहेर वकील म्हणून मान आहे, चार लोक सल्ला विचारतात, आणि घरात ही पोरगी त्याला रोज आरशात त्याचं वय दाखवते. सिनेमाने त्याला राक्षस केलं असतं तर सोपं होतं. त्याची पण इच्छा खरी आहे, फक्त ती इच्छा पुरी करायला त्याच्याकडे एका मुलीचं अख्खं आयुष्य विकत घ्यायची सोय होती, ती समाजाने दिली होती. त्याची विधवा मुलगी घरी येते (शकुंतला परांजपे) आणि ती बापाची नाही, नीराची बाजू घेते. हे तेव्हा पडद्यावर बघणाऱ्या बायकांना काय वाटलं असेल?

अजून एक, ह्या सिनेमात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलंच, घड्याळ, ग्रामोफोन, भांडी, पावलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण संगीत असतं तर आपल्याला सांगितलं गेलं असतं की आता रडा, आता घाबरा. इथे तसं कुणी सांगत नाही, त्या वाड्यातली शांतता नीराच्या अंगावर येते तशीच आपल्या अंगावर येते. घड्याळाचे टोले तर काकासाहेबांच्या वयासारखे पडत राहतात.


गवाक्ष

चर्चा मस्त चाललीये. मला सेन्सॉरची बाजू मांडायची आहे कारण ती अजून कुणी काढली नाही आणि तिच्याशिवाय हे अर्धवट राहील.

हॉलीवूडमध्ये हेज कोड, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं आणि काय नाही ह्याची नियमावली, १९३० मध्ये लिहिला गेला, १९३४ पासून कडकपणे लागू झाला आणि १९६८ मध्ये गुंडाळला. त्यात लग्नसंस्थेचं पावित्र्य राखलं पाहिजे, व्यभिचार आकर्षक दिसता कामा नये असं स्पष्ट होतं. पण ह्याचा एक विचित्र परिणाम झाला, नवराबायकोसुद्धा वेगवेगळ्या पलंगांवर झोपलेली दाखवायला लागले. म्हणजे ज्या लग्नाचं पावित्र्य राखायचं त्याच लग्नातून शरीर काढून टाकलं! सांजसावलीचा मुद्दा इथे मला एकदम पटतो, नवऱ्याबायकोतली इच्छा दाखवणं हे पण तितकंच अडचणीचं होतं.

आपल्याकडे पण बघा. १९३३ च्या कर्मा मधलं देविका राणी आणि हिमांशू राय यांचं चुंबन आजही उदाहरण म्हणून सांगतात, आणि ते दोघं खऱ्या आयुष्यात नवराबायको होते. नंतरच्या काळात आपल्या पडद्यावरून चुंबन जवळपास गायबच झालं, १९६९ ला सिनेमाच्या सेन्सॉरचा विचार करणाऱ्या खोसला समितीने अहवालात सांगितलं की कथेची गरज असेल तर हरकत नसावी, तरी पुढे कितीतरी वर्षं फुलं आणि पाखरंच चालली.

माझा मुद्दा असा की ह्या बंधनांमुळे डायरेक्टर लोकांना वस्तूंमधून बोलायला लागलं आणि त्यातूनच हे मोठे सीन आले. डग्लस सर्कचा ऑल दॅट हेवन अलाउज (१९५५) बघा. कॅरी विधवा आहे, बागकाम करणाऱ्या, वयाने लहान असलेल्या माणसावर तिचं प्रेम बसलंय, मुलांना आणि गावाला ते सहन होत नाही, ती त्याला सोडते. आणि मग मुलं आईला एकटं वाटू नये म्हणून टीव्ही भेट देतात. विक्रेता सांगतोय की ह्यात तुम्हाला सगळं आयुष्य बघायला मिळेल, आणि बंद टीव्हीच्या काचेत तिचा स्वतःचा चेहरा दिसतोय. एक शब्द अश्लील नाही, एक स्पर्श नाही, आणि तरी ह्याहून क्रूर सीन मी बघितलेला नाही. मुलांनी आईला तिच्या इच्छेच्या बदल्यात एक खोकं दिलं.


चाफेकळी

गवाक्ष, टीव्हीचा सीन तू लिहिलायस तसाच अंगावर येतो. पण बंधनांचे आभार मानायला मी तयार नाही. चांगल्या लोकांनी त्यातून वाट काढली हे खरं, पण किती गोष्टी सांगायच्याच राहिल्या त्यांचं काय.


जुनारेडिओ

सेन्सॉरपेक्षा प्रेक्षक कडक असतो कधीकधी. साहिब बीबी और गुलाम मध्ये हेमंतकुमारांचं एक गाणं होतं, घोडागाडीत छोटी बहू भूतनाथच्या मांडीवर डोकं टेकते असं. सिनेमा लागल्यावर लोकांना ते सहन झालं नाही आणि गुरुदत्तने ते काढून टाकलं. त्याच चालीचं गाणं नंतर हेमंतदांनी अनुपमा मध्ये वापरलं.

आता बघा, ती दारू पिते हे लोकांनी स्वीकारलं कारण ते नवऱ्यासाठी होतं. तिचा नाश झाला तेही स्वीकारलं, रडले लोक. पण दमलेल्या बाईने ज्या एकमेव माणसाने तिचं ऐकून घेतलं त्याच्या मांडीवर क्षणभर डोकं टेकलं, ते नाही चाललं. आणि कथेत तिच्या जाऊबाईचा नवरा, मंझले बाबू, पण नेमकं हेच करतो की! तिला भूतनाथबरोबर गाडीतून जाताना बघून संशय घेतो आणि तिला मारून टाकायची व्यवस्था करतो. म्हणजे पडद्यावर मंझले बाबूंनी जो निवाडा केला तोच थेटरात बसलेल्या लोकांनी केला. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार त्रास झाला होता.


सांजसावली

जुनारेडिओ, हे इथे लिहिल्याबद्दल खूप आभार. आणि ती जात कुठे असते त्या गाडीतून? अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला बरं वाटावं म्हणून एका साधूकडे!! शेवटपर्यंत नवऱ्यासाठीच. संशय मात्र गुलामावर.

फिरस्ता, तुझ्या प्रश्नावर मी बराच विचार केला. ब्रीफ एन्काउंटर तिसऱ्या माणसाशिवाय उभा राहत नाही हे मान्यच आहे. पण लॉरा ही सगळी कहाणी सांगतेय कुणाला? ती घरी बसलीये, रेडिओवर रॅकमानिनॉफचं संगीत चाललंय, समोर फ्रेड कोडं सोडवतोय, आणि ती मनातल्या मनात फ्रेडला सांगतेय. अख्खा सिनेमा म्हणजे नवऱ्याला न दिलेला कबुलीजबाब आहे. मैत्रिणीला सांगू शकली असती, डायरीत लिहू शकली असती, पण तिला हे ज्याला सांगायचंय तो एकच माणूस आहे आणि त्यालाच सांगता येत नाही. मला ती इच्छा ॲलेकबद्दलच्या इच्छेइतकीच खोल वाटते, आपल्या आत काय चाललंय हे आपल्याच माणसाला कळावं ही. आणि फ्रेड शेवटी जे म्हणतो, की तू खूप लांब गेली होतीस, परत आलीस, बरं केलंस, त्यात त्याला किती कळलंय ते लीनने मोघम ठेवलंय. माझ्या मते त्याला बरंच कळलंय.

उणिवेबद्दल म्हणालास ते मात्र मनात राहिलं. बाईची इच्छा आपली आपण असू शकते, नवरा कसाही असो. हो, असू शकते. फक्त जुना सिनेमा ते दाखवताना बिचकतो, त्याला कायम एक कारण जोडायला लागतं, नवरा बाहेरख्याली आहे, नवरा म्हातारा आहे, नवरा कामात आहे.


पाऊसवेडा

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. नवऱ्यांबद्दल कुणीतरी लिहावं म्हणून मीच लिहितो.

चारुलता बघताना मला भूपतीचंच वाईट वाटतं दरवेळी. त्याने मेव्हण्यावर विश्वास टाकला, मेव्हणा पैसे घेऊन पळाला, पेपर बुडाला. तो चारूला समुद्रकिनारी घेऊन जातो, दोघं जरा जवळ येतात, परत आल्यावर अमलचं पत्र येतं आणि तिला कोसळून रडताना तो बघतो. तेव्हा त्याला कळतं. मग तो घोडागाडीत बसून निरुद्देश फिरत राहतो आणि रडतो. सिनेमात पुरुषाला बायकोवरून असं रडताना आपण किती वेळा बघितलंय? भूपती वाईट नाही, त्याला बायको एकटी आहे हे कळतं सुद्धा, म्हणून तर तिला सोबत म्हणून मेव्हण्याच्या बायकोला आणतो, अमलला तिच्या लिखाणात लक्ष घालायला सांगतो. सगळं करतो, फक्त स्वतः तिच्याजवळ बसत नाही. त्याला असं वाटतं की बायकोचा एकटेपणा ही दुसऱ्या कुणाकडून तरी सोडवून घेता येण्यासारखी अडचण आहे.

आणि मला वाटतं त्याची पण इच्छा दबलेलीच आहे. राजकारण, लिबरल विचार, छापखान्याच्या शाईचा वास, ह्या सगळ्यावर तो ज्या असोशीने प्रेम करतो ते बघा. त्याच्याकडे आवेग नाहीये असं नाही, तो आवेग बायकोकडे न्यायचा असतो हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही.


चाफेकळी

पाऊसवेडा, फार छान पकडलंस. आणि चारूचा आवेग लिखाणात जातो! ती स्वतःच्या गावाबद्दल लेख लिहिते, मासिकात छापून येतो, आणि तोच अंक घेऊन अमलच्या डोक्यात मारते आणि मग त्याला बिलगून रडते. नवऱ्याचा स्वतःचा छापखाना आहे आणि बायकोचा लेख छापून आलाय हे त्याला बाहेरच्यांकडून कळतं.


निवांत

मणी कौलचा दुविधा (१९७३) कुणीच काढला नाही? विजयदान देथांच्या राजस्थानी कथेवरचा. खरं तर हा धागा त्याच्यासाठीच आहे असं मला वाटलं.

लग्न करून वरात परत चाललीये, वाटेत नवरीला रानफळं खावीशी वाटतात, आणि नवरा हिशोबात गुंतलाय, वर म्हणतो की असली फळं गावंढळ लोक खातात. इतकी साधी इच्छा. आणि घरी आल्यावर लगेच तो व्यापाराला निघून जातो, पाच वर्षांसाठी, कारण मुहूर्त चांगला आहे. वाटेतल्या झाडावरच्या भुताचा मात्र तिच्यावर जीव जडलाय, ते नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं. आता फसवणं किती सोपं होतं, पण ते भूत तिला खरं सांगतं. आणि मग निर्णय तिच्यावर येतो. जाणारा थांबवता आला नाही तर येणाऱ्याला का अडवू, अशा अर्थाचं तिचं म्हणणं आहे.

सांजसावलीच्या मांडणीत हे एकदम वेगळ्याच जागी बसतं. हा तिसरा माणूस आहे की नवरा आहे? चेहरा नवऱ्याचा, आवाज नवऱ्याचा, घर तेच, सासरा तोच, गावाच्या लेखी ती पतिव्रताच. म्हणजे तिला नवराच मिळाला, फक्त जसा हवा तसा, तिचं ऐकणारा, तिला विचारणारा. आणि सासऱ्याला भूत रोज सोन्याच्या मोहरा देतं त्यामुळे तो काही चौकशी करत नाही. खरा नवरा परत आल्यावर न्याय करायला निघतात ते सगळे पुरुष, शेवटी एक मेंढपाळ भुताला मशकीत कोंडतो. ह्या सगळ्यात तिला कुणीच विचारत नाही की तुझा नवरा कोणता. हे सांगू शकणारी ती एकटी होती! आणि मग ज्याने हिशोब केला त्याच्याबरोबर ती राहते.

मणी कौलने हे कसलाही रडवेपणा न आणता केलंय, मध्येच स्थिर चित्रं, कथेकऱ्यासारखा मागून आवाज, तिचे हात, तिचा घुंघट. काही लोकांना कंटाळवाणं वाटतं. मला नाही वाटत, बाईच्या दिवसांचा वेग तोच असणार होता.


फिरस्ता

निवांत, दुविधाने मात्र मला अडचणीत टाकलं, कारण तिथे तिसरा माणूस आणि नवरा हा भेदच उरत नाही. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही आत्ता.

पण ही सगळी उदाहरणं अशी की इच्छा केली की बाई एकतर मरते, नाहीतर गप्प बसते, नाहीतर परत येते. जैत रे जैत (१९७७) आठवला. चिंधी लग्नाची आहे, नवरा पसंत नाही, ती उघडपणे नवरा सोडते आणि नाग्यावरचं प्रेम लपवत पण नाही. महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत आणि स्मिता पाटील, तिथे दाबणं वगैरे काही नाही. पण तो ठाकरांचा समाज आहे, तिथले नियम वेगळे, म्हणून मी तिला ह्या चर्चेत अपवाद म्हणून बाजूला ठेवतो.


चाफेकळी

मग लगोलग उंबरठा (१९८२) पण घ्या ना, दिग्दर्शक तेच जब्बार पटेल आणि बाई तीच स्मिता. सुलभा महिलाश्रमात नोकरी करायला घर सोडून जाते, नवऱ्यापासून लांब राहते. परत येते तेव्हा नवरा सांगतो की मधल्या काळात दुसरी बाई आली आयुष्यात. हे तो असं सांगतो की जणू ह्यात समजून घेण्यासारखं आहे, पुरुष आहे, एकटा होता. पण एकटी तर ती पण होती! तेवढेच दिवस, तेवढ्याच रात्री. तिने त्या कशा काढल्या हे त्या घरात एकही माणूस विचारत नाही, तिची काही शारीरिक गरज असेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. आणि त्याच सिनेमात आश्रमातल्या दोन बायका एकमेकींच्या जवळ येतात तेव्हा केवढा गहजब होतो ते आठवा. पुरुषाच्या भुकेला गरज म्हणायचं आणि बाईच्या भुकेला एकतर नसलेली समजायचं नाहीतर विकृती. सुलभा घर सोडते त्यात मला सगळ्यात जास्त हे दिसतं, नवऱ्याने दुसरी बाई ठेवली ह्यापेक्षा आपल्याला कधी मोजलंच नाही हे.


सांजसावली

चाफेकळी, तेवढेच दिवस तेवढ्याच रात्री, हे फार नेमकं लिहिलंस. सुलभाला नवऱ्याकडून काय हवं होतं हे तो सिनेमा ओरडून सांगत नाही पण ती परत येते तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दिसतं, ती घरात येते ती काहीतरी मिळेल म्हणून येते.

फिरस्ता, चिंधीला मी अपवाद म्हणून बाजूला ठेवणार नाही. तिचं लग्न मोडण्याची तिच्या समाजात सोय आहे, म्हणून तिची इच्छा तोंडातून बाहेर पडते, गाण्यात येते, चालण्यात येते. हीच बाई छोट्या बहूच्या हवेलीत जन्माला आली असती तर तिनेही सिंदूरच मागवला असता. आणि छोटी बहू त्या डोंगरात असती तर पहिल्याच वर्षी त्या नवऱ्याला सोडून मोकळी झाली असती. म्हणजे दाबलेपण बाईच्या स्वभावात नाहीये, ते तिला कुठली दारं उघडी आहेत ह्यावर ठरतं, हे ह्या दोन सिनेमांना शेजारी ठेवल्याशिवाय मला दिसलं नसतं. चिंधी यादीत हवीच.

निवांत, दुविधावर वेगळा धागा काढ. इथे तो प्रतिसादात मावणारा नाही.